गोत्र : काश्यप

पंचवटीत, कपालेश्वराच्या पायऱ्यांखालच्या खोलीत
आम्ही वह्या स्कॅन करतोय. तिसरा आठवडा.
कुणाल पानावर काच ठेवतो, मी मोडी वाचते,
तो टाइप करतो : नाव, गाव, गोत्र, कोणासाठी, नातं.
बापासाठी. आईसाठी. काकूसाठी, जिला मूल नव्हतं.
नातं नसलेल्यासाठी कुणी गोदावरीवर येत नाही,
असं मला कालपर्यंत वाटत होतं.

वेंगुर्ल्याच्या बासनातलं हे पान
वडील नेहमी चटकन उलटायचे, ओलं असल्यासारखं.
शक वाळवीनं खाल्लाय. तिथी शाबूत :
भाद्रपद वद्य चतुर्दशी, अपघाती गेलेल्यांची.
“धाकू तांडेल, मौजे उभादांडा, हा आला.
वलंदेजाचे लढाऊ जहाज, त्यावर वाट दाखवावयास होता.
जहाज बुडाले. हा वाचला.”

एवढंच पुरलं असतं.
पण खाली, वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात
माझ्या पूर्वजानं विचारून विचारून लिहिलंय :
ज्येष्ठातला वारा. वरची शिडं उतरवली,
खालच्या रांगेतल्या तोफांच्या खिडक्या लावायच्या राहिल्या.
एक तोफ दोर तोडून सुटली
आणि रात्रभर जहाजाच्या पोटात
इकडून तिकडे गडगडत राहिली, माणसं शोधत.
शत्रू कोण होता, असं पुसलंय.
कोणी नाही, असं उत्तर.
पहाटे डोलकाठीचं टोक तेवढं वर,
आणि त्यावरचं निशाण. कोरडं.

ज्यानं हे लिहिलं त्यानं समुद्र पाहिला नव्हता.
जहाजाचं नाव तीनदा लिहून तीनदा खोडलंय.
शेवटी नुसतं “तारू”.

मग नावं.
यान. यान. थोरला यान, ज्यास तंबाखू लागे.
हेन्द्रिक, वय तेरा, बारूद वाहणारा पोर.
आचारी, नाव स्मरत नाही, गाणे म्हणे.
आणखी दीडशे, ज्यांची तोंडं तांडेलाला आठवत होती, नावं नाही.
गोत्र?
ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यप.
शाईच्या एका फटकाऱ्यानं
अख्खं जहाज आमच्या वहीत काश्यप झालं.
नात्याच्या जागी लिहिलंय : पुसिले नाही.

“यजमानाने पुसिले, हे उदक कोण्या समुद्रास जाते?
सांगितले, पूर्वसमुद्रास.
यजमान म्हणे, ते तर पश्चिमेस आहेत.”

पुढे पाऊण पान कोरं.

हीच ती नदी. ब्रह्मगिरीवरून
पश्चिमेचा समुद्र पंचवीस कोसांवर,
आणि ही त्याला पाठ करून निघते,
सगळं दख्खन पायी तुडवत, तिकडच्या समुद्राकडे.
आम्ही हिला गंगा म्हणतो.
पत्ता विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.
त्या पाऊण पानात काय बोलला असेल तो?
की दोघं नुसतेच बसले, हात सुकेपर्यंत?

तळाशी एक ओळ :
“दक्षिणा, पितळी गुंडी एक.
वारा फिरेल तेव्हा पावेल, म्हणाला.”
गुंडी आता नाही. कागदावर
हिरवट गोल डाग आहे. मी त्यावर बोट ठेवते.

“ताई, एक नाव राहिलं. शेवटचं.”
मी भिंग धरते. प, त, र. प-ला वेलांटी.
पितर, मी म्हणते.
“ते तर सगळेच. नाव काय?”
तेच नाव आहे.
“मग पीतर असेल, त्यांच्याकडचं. ऱ्हस्व की दीर्घ?”
मोडीत वेलांटी एकच असते, मी सांगते.

तो टाइप करतो. मग थांबतो.
नात्याचा रकाना रिकामा ठेवला
तर यंत्र पुढे जाऊ देत नाही.
खाली धरणाचं पाणी सोडल्याचा भोंगा वाजतो,
घाटावर माणसं चपला उचलून पायऱ्या चढू लागतात,
आणि आम्ही दोघं तसेच,
काच पानावर दाबून धरलेली.